वडिलांचं वय 54, गुडघा फक्त आतल्या बाजूनं झिजलाय, हाड कापून पाय सरळ करायचं ऑपरेशन करावं की गुडघाच बदलून घ्यावा?

दादा, तुम्ही लिहिलंय की निपाणीचे डॉक्टर म्हणतायत हाड कापून पाय सरळ करूया आणि कोल्हापूरचे म्हणतायत चार वर्षं गोळ्यांवर काढा मग गुडघाच बदला, आणि वडिलांना तर उसाच्या रानात उतरल्याशिवाय चैन पडत नाही. माझ्या डाव्या पायाचं हेच ऑपरेशन झालंय, एचटीओ म्हणतात त्याला, हाय टिबियल ऑस्टिओटॉमी. आमची खानापूरकडं भाताची शेती, डॉक्टर बिक्टर नाही मी, पण पेशंट म्हणून जे बघितलं ते सांगतो.

पहिलं म्हणजे कुठलं ऑपरेशन चांगलं हे आत्ता विचारूच नका. वडिलांचा उभं राहून, कमरेपासून घोट्यापर्यंत, दोन्ही पायांचा एक लांब एक्स-रे काढा, स्कॅनोग्राम म्हणून मागा. आपल्याकडं लोक काय करतात, पिशवीत गुडघ्याची बारकी फिल्म आणि एमआरआय घेऊन हिंडतात, त्यात झीज दिसते पण पाय किती वाकडा आणि कुठल्या हाडात वाकडा ते कळत नाही. माझ्या वेळी डॉक्टरांनी खुब्याच्या गोळ्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत पट्टीनं एक रेघ मारली, ती गुडघ्याच्या साधारण मधून जायला पाहिजे, माझी आतल्या कडेला चिकटून गेलेली. सरळ पायातसुद्धा आतली बाजू निम्म्याहून जास्त, 60 टक्क्यांच्या आसपास वजन घेते, गुडघा बाहेरच्या बाजूला वाकला की जवळजवळ सगळाच भार तिथं. अथणीची चप्पल कितीही चांगली असू दे, एका बाजूनं दाबून चालला तर तीच बाजू आधी जाणार, तसंच हे. बाहेरची बाजू मात्र कोरी राहिलेली असते, आणि एचटीओ त्या चांगल्या बाजूवर भार ढकलतं. म्हणून रेघ अगदी मधोमध नाही, थोडी पलीकडं नेतात, आतल्या कडेपासून मोजलं तर गुडघ्याच्या रुंदीच्या 62 टक्क्यांच्या आसपास. किती अंश उघडायचं ते सगळं आधी फिल्मवर मोजून ठरतं.

ऑपरेशन कमरेत इंजेक्शन देऊन झालं, त्यामुळं मी जागाच. दुखत काही नाही पण हातोडीचे ठोके ऐकू येतात आणि सगळं टेबल हलतंय असं वाटतं, भूल देणाऱ्या मॅडम मधेमधे कानडीत "नोवु ऐतेन री", म्हणजे दुखतंय का, विचारत होत्या आणि मी नुसती मान हलवत होतो. गुडघ्याच्या खाली नडगीचं हाड आतल्या बाजूनं कापतात, पलीकडची कड साधारण एक सेंटिमीटर न कापता ठेवतात, ती बिजागरीसारखी धरते, मग फट हळूहळू उघडून प्लेट आणि स्क्रू बसवतात. फट मोठी असली तर त्यात कमरेच्या हाडाचा तुकडा नाहीतर तयार पावडर भरतात. जुनी पद्धत बाहेरून पाचर काढून घ्यायची, 1960 च्या दशकात अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या कॉव्हेंट्रींनी ती रुजवली, त्यात बाजूचं बारीक हाड आणि पाऊल वर उचलणारी नस सांभाळावी लागते, म्हणून आता बरेच जण आतूनच उघडतात.

कुणाला जमत नाही तेही बघा. दोन्ही बाजू झिजल्या असतील, आमवात असेल, गुडघा पूर्ण सरळच होत नसेल नाहीतर काटकोनापर्यंतही वाकत नसेल, तर चांगला सर्जन स्वतःच नको म्हणेल. वजन फार असेल तरी विचार करतात. आणि वडील विडी ओढत असतील किंवा तंबाखू मळत असतील (निपाणीत हे विचारायचं म्हणजे...) तर आधी बंद, कारण ती फट नवीन हाडानं भरायची असते आणि तंबाखूनं हाड जुळायला उशीर होतो, कधी जुळतच नाही.

आता खरी गोष्ट, जी डॉक्टर दोन वाक्यांत उरकतात. साधारण सहा आठवडे वॉकर नाहीतर कुबड्या, पायावर पूर्ण भार नाही, आणि शेतकामाला लागायला सहा महिने धराच. उसाच्या तोडीच्या तोंडावर ऑपरेशन घेतलं तर वडील घरात बसणार नाहीत, कुबडी टाकून बांधावर जातील आणि प्लेट वाकवून घेतील. म्हशीची धार कोण काढणार, संडास कमोडचा आहे का, हे आधी ठरवा. पोटरी सुजून घट्ट झाली नाहीतर पाऊल वर उचलता येईना झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, लगेच दाखवा.

माझं मत विचाराल तर 54 वय, रानातलं काम, आणि झीज खरंच एकाच बाजूला असेल तर एचटीओकडं झुकावं. गुडघा स्वतःचाच राहतो, आधी मांडी घालता येत असेल तर नंतरही बऱ्याचदा येते, बदललेल्या गुडघ्यावर मात्र उकिडवं बसायला सहसा नको म्हणतात. हे कायमचं नाही हेही खरं, बऱ्याच जणांना दहा वर्षं किंवा त्याहून जास्त जातात, पुढं गुडघा बदलायचा रस्ता उघडाच असतो, फक्त त्यावेळी प्लेट काढायचं काम वाढतं.

पैशाचं म्हणाल तर कर्नाटकातलं आयुष्मान कार्ड चालतं का ते विचारा, आणि महाराष्ट्र आपली म्हणून दावा सांगतो त्या सीमाभागातल्या 865 गावांत तुमचं गाव असेल तर महाराष्ट्राच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेतही विचारून बघा, पण दोन्हीकडं "गुडघ्याचं ऑपरेशन" असं मोघम न विचारता एचटीओ यादीत आहे का आणि प्लेटचे पैसे वेगळे का, असं नाव घेऊन विचारा. स्कॅनोग्राम झाला की रेघ कुठनं गेली ते इथं लिहा.