वाटेवरचे प्रश्न: शनिवार-रविवारची ॲपलेशियन ट्रेल आणि लहरी हवा

गेल्या अंकात मी ॲपलेशियन ट्रेल तुकड्यातुकड्यानं चालण्याबद्दल लिहिलं आणि प्रश्नांचा ढीगच आला, बरेचसे न्यू जर्सीतून. ज्यांनी तो अंक वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत १४ राज्यांतून जाणारी ही साधारण ३५०० किलोमीटरची पायवाट, कल्पना मांडली बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये, सलग झाली १९३७ मध्ये. झाडांवर पांढरे पट्टे रंगवलेत, ते बघत चालायचं. न्यू जर्सीत ती सुमारे ७२ मैल आहे आणि न्यूयॉर्कमध्ये ९०च्या आसपास, म्हणजे नोकरी-घर सांभाळून शनिवार-रविवारी जमण्यासारखी. पाय तयार असतात, सुट्टी असते, नाटकं करते ती हवा, आणि प्रश्नही बहुतेक तिच्याबद्दलचेच आलेत.

ताई, मी दोन वर्षांपूर्वी पुण्याहून जर्सी सिटीला आलो. तिकडे राजमाची, लोहगड, अंधारबन सगळं धो धो पावसात केलंय, तीच तर मजा! इथे ग्रुपवाले थोडा पाऊस दिसला की कॅन्सल. एवढं काय घाबरायचं?

अरे, मीही अशीच आले होते हो, सिंहगडच्या पावसात वाढलेली. पण आपला पाऊस कोमट असतो हे आपल्या लक्षातच येत नाही. जुलैत घाटमाथ्यावर वीस-बावीस डिग्री सेल्सिअस असतं, भिजलात तरी खाली येऊन कांदाभजी आणि चहा मारला की संपलं. इथे एप्रिल-मेमध्ये किंवा ऑक्टोबरमध्ये डोंगराच्या धारेवर पाऊस पडतो तो ६ डिग्रीचा, म्हणजे इथल्या भाषेत ४३ फॅरनहाइट, आणि वर वारा. बर्फ पडत असेल तर एक वेळ परवडतं कारण बर्फ झटकता येतो, पण हा पाऊस आतपर्यंत जातो.

माझंच सांगते. एप्रिलचा शेवटचा शनिवार, डेलावेअर वॉटर गॅपला गाडी लावली तेव्हा छान ऊन होतं, म्हणून अंगात कॉटनचा टीशर्ट आणि वर कॉटनचीच हूडी, रेन जॅकेट गाडीत राहिलं कारण ‘कशाला वजन’. सनफिश पाँड ओलांडून थोडं पुढे गेलो आणि पाऊस सुरू झाला, तासाभरात अशी हुडहुडी भरली की बॅगेचं बक्कल बोटांना उघडेना, मैत्रिणीनं उघडून दिलं, आणि मी तिच्याशी चक्क भांडत होते की मला काही झालेलं नाही, आपण पुढेच जाऊ. तिनं ऐकलं नाही हे माझं नशीब. शरीर फार गारठलं ना की आधी हातांचं कसब जातं, मग बोलणं जड होतं, चिडचिड होते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपल्याला काही होतंय हे आपल्यालाच कळत नाही. त्यामुळे सोबत्यावर लक्ष ठेवायचं, तो उगाच भांडायला लागला तर राग मानू नका, आधी थांबवा, ओलं काढून कोरडं घाला आणि काहीतरी गोड खायला द्या.

बाकी उपाय साधे आहेत. अंगात कॉटन नको, पॉलिस्टर किंवा लोकर. एक कोरडा जोड काळ्या गार्बेज बॅगेत बांधून तळाशी, आणि तो चालताना घालायचा नाही, कितीही मोह झाला तरी, कारण तोही भिजला की मग काहीच उरत नाही. एवढं असेल तर जूनच्या पावसात खुशाल भिजा, मीसुद्धा भिजते.

आम्ही नवराबायको एडिसनला राहतो. न्यू जर्सीचे ७२ मैल या सीझनमध्ये पूर्ण करायचे म्हणून एक्सेलमध्ये तारखांसकट सगळे सेक्शन आखले. पण तीन वेळा फोरकास्ट बघून रद्द केलं आणि दोनदा तर नंतर लख्ख ऊन पडलं! आता ह्यांचं म्हणणं की फोरकास्ट बघायचाच नाही. काय करावं?

एक्सेल ठेवा, तारखांचा कॉलम उडवा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. तारखेला सेक्शन बांधलात की हवा तुमच्याशी खेळणारच, त्यापेक्षा फ्रिजमधल्या भाज्यांसारखे पाच-सहा तुकडे तयार ठेवायचे आणि शुक्रवारी रात्री बघायचं, आज काय शिजवण्यासारखं आहे. क्रमानंच चालायला हवं असं कोणी सांगितलंय?

म्हणजे कसं, तर हवा पक्की असेल त्या दिवशी किटाटिनी डोंगराच्या धारेवरचा लांब तुकडा घ्या, कल्व्हर्स गॅपपासून हाय पॉइंटपर्यंत, साधारण १४ मैल. हवा अर्धीकच्ची असेल तर तोच अर्धा, कारण मधे डेकरटाउन टर्नपाइकचा रस्ता आडवा जातो, तिथे कोणीतरी गाडी घेऊन येऊ शकतं. आणि अगदीच रिपरिप असेल तर व्हर्ननजवळचा पोचक क्रीकचा लाकडी बोर्डवॉक, सपाट, रस्ता जवळ, फक्त ओल्या फळ्यांवरून घसरू नका. त्याला लागूनच ‘स्टेअरवे टू हेवन’ची चढण आहे, पण ती ओल्या दिवशी सोडा, दगड नुसते साबणासारखे होतात. प्रत्येक तुकड्यापुढे मैल लिहिलेच असतील, त्याच्या शेजारी कुठून कुठून बाहेर पडता येतं ते लिहा. मला तर मैलांपेक्षा तोच कॉलम महत्त्वाचा वाटतो.

आता फोरकास्ट. ‘४० टक्के पाऊस’ याचा अर्थ दिवसातला ४० टक्के वेळ पाऊस असा नाही हो, त्या ठिकाणी त्या वेळात मोजण्याइतका पाऊस पडायची शक्यता ४० टक्के, आणि मोजण्याइतका म्हणजे इंचाचा शंभरावा भाग, शिंतोडेच. त्यावर कॅन्सल कराल तर म्हातारपणापर्यंत ७२ मैल होणार नाहीत. दुसरं म्हणजे फोनवरचं ॲप गावाचा अंदाज दाखवतं, तुम्ही असता धारेवर, तिथे गारठाही जास्त आणि वाराही. नॅशनल वेदर सर्व्हिसच्या नकाशावर थेट डोंगरावर क्लिक करा, तासागणिक आलेख मिळतो, फुकट. सोमवारपासून बघत बसू नका, नुसता जीव टांगणीला लागतो.

मी रद्द करते ते तीन गोष्टींवर. थंड पाऊस आणि वारा एकत्र असेल तर. फ्लॅश फ्लडचा इशारा असेल तर, मग तो ‘वॉच’, म्हणजे नुसती शक्यता सांगणारा, का असेना. ९ जुलै २०२३ आठवतोय? रविवारच होता, न्यूयॉर्कमधल्या बेअर माउंटनच्या बाजूला इतका पाऊस कोसळला की रस्तेच्या रस्ते वाहून गेले, ट्रेलचं सोडाच. आणि तिसरी गोष्ट म्हणजे विजा. उन्हाळ्यात इथे दुपारनंतर गडगडाट ठरलेला, पण त्यासाठी अख्खा दिवस घालवू नका, पहाटे सहाला चालायला लागा आणि एकपर्यंत धारेवरून खाली या. गडगड ऐकू आली की फोटो बिटो नाही, आधी धार सोडायची, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही.

‘ह्यां’ना सांगा, फोरकास्ट बघायचा नाही हे तर मुळीच नाही. आणि रद्द केल्यावर ऊन पडलं तर पडू दे, ते काय पळून जातंय.

माझ्याकडे गाडी नाही. एकट्यानं कसं करू? रूममेटना चालण्यात काडीचा रस नाही.

रूममेट बदल (गंमत केली). ट्रेन आहे की! न्यूयॉर्कमध्ये पॉलिंगच्या जवळ मेट्रो-नॉर्थच्या हार्लेम लाइनवर ‘ॲपलेशियन ट्रेल’ नावाचंच स्टेशन आहे, स्टेशन म्हणजे एवढासा प्लॅटफॉर्म, आणि गाड्या थांबतात त्याही फक्त शनिवार-रविवारी आणि सुट्टीला. ग्रँड सेंट्रलहून जायचं, उतरलं की समोर पांढरा पट्टा. दलदलीवरचा बोर्डवॉक पार करून दोन-अडीच मैलांवर डोव्हर ओक नावाचा भलाथोरला म्हातारा वृक्ष आहे, पहिल्या वेळी तिथपर्यंत जाऊन परत ये. परतीच्या गाड्या मोजक्याच असतात, वेळापत्रकाचा फोटो काढून ठेव, तिथे भिजत बसायला छप्पर शोधावं लागतं. न्यू जर्सीच्या बाजूनं जायचं तर सिकॉकसहून पोर्ट जर्व्हिसची गाडी पकडून टक्सीडोला उतरता येतं, तिथून रामापो-डंडरबर्ग ट्रेलनं हॅरिमनच्या जंगलात शिरून पांढऱ्या पट्ट्यांना जाऊन मिळायचं.

एकटा जाणार असशील तर कुठून कुठे आणि किती वाजता परत, हे एका माणसाला लिहून पाठव, रस नसलेला रूममेटही चालेल. आणि पुढे गाडीवाला मित्र मिळाला की गाडी शेवटाला लावून सुरुवातीला सोडून घ्यायचं, उलटं नाही, म्हणजे उशीर झाला, पाऊस लागला तरी आपण आपल्या गाडीकडेच चालत असतो.

खरं सांगा, असं दर रविवारी थोडं थोडं करून ‘ट्रेल केली’ म्हणता येतं का? सलग करणारे हसत नाहीत?

ट्रेलची जी मुख्य संस्था आहे, ॲपलेशियन ट्रेल कॉन्झर्व्हन्सी, ती पूर्ण वाट चालणाऱ्यांना ‘टू थाउजंड मायलर’ म्हणते आणि त्यात सलग चाललात की वीस वर्षं लावलीत, कुठल्या दिशेनं, कुठल्या क्रमानं, काही फरक करत नाही. शेल्टरमध्ये, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या निवाऱ्यात, भेटलेल्या सलगवाल्यांपैकी मला तरी कोणी हसलेलं नाही, उलट आपल्या डब्याकडे आशेनं बघत असतात बिचारे.

आणि आपल्याला यात नवीन काय आहे? नर्मदेची खंड परिक्रमा करणारे काय करतात, सुट्टीत जितकं जमेल तितकं चालायचं, जिथे थांबलो तिथून पुढच्या वेळी सुरू. पुण्याचे कितीतरी नोकरदार माउलींच्या पालखीबरोबर फक्त सासवडपर्यंतचा एक टप्पा चालतात, दिवेघाट चढतात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला. त्यांना कोणी विचारतं का पंढरपूरला गेलात का म्हणून? बरं, विचारतात काही खवचट लोक, पण ते असो.

दोन दिवसांसाठी खायला काय न्यावं? अस्वलांची भीती वाटते.

दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू. पावसात स्टोव्ह पेटवत बसायला नको आणि चालता चालता खाता येतं, गारठ्यात तेच हवं. चिवडा नको, ओला होतो. न्यू जर्सीत ट्रेलवर बहुतेक ठिकाणी ठरलेल्या जागीच मुक्काम करता येतो आणि शेकोटीला बंदी आहे, हे आधी लक्षात घ्या. अस्वलं आहेत, पण त्यांना तुमच्यापेक्षा तुमच्या चटणीत रस असतो. तिथल्या शेल्टरपाशी बहुतेक लोखंडी बेअर बॉक्स असतो, रात्री खाणं, टूथपेस्ट, क्रीम, वासाचं जे जे असेल ते सगळं त्यात, कड्या नीट लावून. उशाशी चिक्की ठेवून झोपणारे महाभाग मी पाहिलेत.

आणि घरी आलात की अंघोळीआधी टिक, म्हणजे गोचीड, तपासा, गुडघ्यामागे, काखेत, केसात. अस्वलापेक्षा मला तोच जास्त छळतो.