अंतराळवीर की अंतराळवीरांगना?

प्रश्न असा आहे: 'शाळेच्या हस्तलिखितासाठी अंतराळात गेलेल्या पहिल्या महिला व्हॅलेंतिना तेरेश्कोवा यांच्यावर लेख लिहितेय. त्यांना अंतराळवीर म्हणू, अंतराळवीरांगना की अंतराळयात्री?'

बिनदिक्कत अंतराळवीर म्हणा. 'अंगना' म्हणजे मुळात सुंदर अंगाची स्त्री. रशियातल्या यारोस्लाव्हलच्या कापडगिरणीत काम करून फावल्या वेळात पॅराशूटच्या उड्या मारणाऱ्या मुलीला हे शेपूट कशाला? शिवाय 'वीरांगना' लिहिताना वेलांटीच्या जागी काना पडला की संपलंच. वाटलं तर मुद्रितशोधकाला विचारा. 'यात्री' चुकीचा नाही, 'गगनयात्री' तर इस्रोनेच रूढ केलाय. पण मला यात्री म्हटलं की पंढरपूरची एसटी दिसते.

रशियन शब्द 'कॉस्मोनाव्त'. त्यातला 'नाव्त' ग्रीक 'नाउतेस'वरून आला, म्हणजे खलाशी. आपल्या 'नौ', 'नाविक' यांचा लांबचा भाऊबंदच. विश्वाचा खलाशी, एवढाच अर्थ. शौर्याचा त्यात मागमूस नाही, ते रशियनांनी किताबासाठी राखून ठेवलं. १६ जून १९६३ रोजी तेरेश्कोवा वोस्तोक-६ मधून एकट्याच निघाल्या, पृथ्वीभोवती ४८ फेऱ्या मारून १९ तारखेला उतरल्या, आणि त्याच महिन्यात त्यांना 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब मिळाला. आपण तो वीर शब्दातच बसवून मोकळे झालो. आणि 'कॉस्मोनाव्त' पुल्लिंगी असूनही तिकडे बाईलाही तोच चालतो.

खरी अडचण विभक्तीत आहे. 'या अंतराळवीराने ४८ फेऱ्या मारल्या' असं लिहिलंत की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुरुष उभा राहतो. आणि 'अंतराळवीरेने' कोणी म्हणत नाही. इथे आपलं आदरार्थी बहुवचन कामी येतं: 'अंतराळवीर तेरेश्कोवा यांनी', 'या अंतराळवीरांनी'. लिंगाचा प्रश्नच मिटतो. 'पहिल्या महिला अंतराळवीर' हे सुरुवातीला एकदा सांगा; दर ओळीत 'महिला' नको.

जाता जाता, उड्डाणात त्यांना हाक मारायचं सांकेतिक नाव होतं 'चाइका', म्हणजे समुद्रावरचा कुरव पक्षी. रशियनमध्ये चाइका स्त्रीलिंगी, मराठीत कुरव पुल्लिंगी. तिथे भाषांतराच्या भानगडीत पडू नका, चाइकाच ठेवा.