वाचकांचे प्रश्न: सीबीचा अँटेना कापू का?

प्रश्न: मी ॲरिझोनात फिनिक्सला राहतो, 2019 ची फोर्ड एफ-150 पिकअप आहे. आम्ही काही मित्र गाड्या घेऊन युटात मोआबच्या बाजूला कच्च्या रस्त्यांवर जातो, तिथे मोबाईलला रेंज नाही म्हणून सीबी रेडिओ (गाडी-गाडीत बोलायचा वायरलेस सेट) घेतला. मॅग्नेटवाला अँटेना आणला तर तो टपावर चिकटेचना. मग एका मित्राने त्याच्याकडचा 4 फुटी फायबरग्लासचा दिला, तो मागच्या बेडच्या (माल ठेवायच्या हौद्याच्या) कडेला ब्रॅकेट लावून बसवला. पण एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते सांगणारा, आकडा 1 च्या जितका जवळ तितकं चांगलं) सगळ्या चॅनेलवर 3 च्या वर दाखवतोय. मित्र म्हणतो वरून थोडा काप, दुसरा म्हणतो केबल बरोब्बर 18 फूटच पाहिजे. काय करू?
– एक वाचक, फिनिक्स

उत्तर: कापू नका! कापलेला अँटेना परत वाढवता येत नाही आणि तुमचा प्रॉब्लेम मला लांबीचा वाटतच नाही.

आधी मॅग्नेटचं सांगतो. एफ-150 ची बॉडी 2015 च्या मॉडेलपासून ॲल्युमिनियमची आहे, मॅग्नेट चिकटणार कुठून. पण ॲल्युमिनियममधून करंट उत्तम जातो, त्यामुळे अँटेनाला खाली जो धातूचा पत्रा लागतो, ज्याला ग्राउंड प्लेन म्हणतात, ते काम तुमची बॉडी व्यवस्थित करेल, फक्त माउंट नटबोल्टने पक्का केलेला हवा.

आता मुख्य मुद्दा. सीबी चालतो 27 मेगाहर्ट्झच्या आसपास, तिथे लहरीची लांबी साधारण 11 मीटर, म्हणजे पाव लहरीचा अँटेना करायचा तर 9 फुटांची काठी लागेल. तुमच्या 4 फुटी काठीत तार गुंडाळून ती कसर भरून काढलेली असते, आणि अँटेनाचा उरलेला अर्धा भाग म्हणजे तुमची गाडीच. ब्रॅकेट आणि बॉडीच्या मधे रंगाचा थर राहिला की तो अर्धा भाग गायबच झाला म्हणायचं, मग काठी कितीही भारी कंपनीची असो.

लांबी चुकलेली असती तर पहिल्या म्हणजे चॅनेल 1 आणि शेवटच्या म्हणजे चॅनेल 40 च्या रीडिंगमधे बऱ्यापैकी फरक दिसला असता. सगळीकडे सारखंच खराब म्हणजे एकतर माउंटमधे शॉर्ट आहे किंवा अर्थिंग नाही. मल्टिमीटर घ्या, रेडिओ सेटच्या मागून केबल काढा, काठी पण काढून ठेवा. केबलच्या कनेक्टरची मधली पिन आणि बाहेरचं कडं यांच्यात कंटिन्युइटी, म्हणजे करंट आरपार जातोय का ते बघा, बीप वाजता कामा नये. वाजला तर बहुतेक वेळा माउंटच्या स्टडचा (काठी ज्यावर बसते त्या बोल्टचा) प्लास्टिकचा वॉशर उलटा किंवा चुकीच्या बाजूला बसलेला असतो, त्या वॉशरला एक खांदा असतो तो ब्रॅकेटच्या भोकात नीट बसायला हवा, नाहीतर स्टड ब्रॅकेटला टेकतो आणि सगळा सिग्नल तिथेच बॉडीत जातो. हे ठीक असेल तर ब्रॅकेट आणि बॅटरीच्या मायनसमधे बघा, रेझिस्टन्स जवळजवळ शून्य हवा. नसेल तर बोल्टखालचा रंग सँडपेपरने खरवडून चकचकीत करा, स्टार वॉशर टाकून आवळा, आणि ब्रॅकेटपासून चासीपर्यंत एक रुंद विणलेली अर्थिंगची पट्टी टाका. नंतर उघड्या जागेवर रंगाचा हात मारा नाहीतर धातू खराब होईल.

18 फुटांचं म्हणाल तर, एकच अँटेना असेल आणि केबल चांगली 50 ओहमची असेल तर लागेल तेवढी घ्या. केबल बदलल्यावर रीडिंग खूप बदलत असेल तर समजायचं की केबलची बाहेरची जाळीच ग्राउंडचं काम करतेय, म्हणजे पुन्हा अर्थिंगकडेच वळायचं. जास्तीची केबल सीटखाली घट्ट गुंडाळू नका, मोठे सैल वेढे ठेवा.

हे सगळं झालं की मगच ट्यूनिंग. गाडी मोकळ्या मैदानात, भिंती आणि झाडांपासून लांब, दारं बंद. मीटर हा रेडिओ सेट आणि केबल यांच्या मधे छोट्या जोडकेबलने लावा. चॅनेल रिकामं आहे ना ते ऐकून घ्या, माइक दाबा, न बोलता काटा मीटरवरच्या 'SET' या खुणेवर आणा, मग मीटरचं बटण फिरवून रीडिंग घ्या, आणि प्रत्येक चॅनेलला काटा नव्याने त्या खुणेवर आणा. चॅनेल 1 ला जास्त आणि 40 ला कमी आलं तर अँटेना आखूड आहे, उलट आलं तर लांब. टोकाच्या रबरी टोपीखाली बहुतेक फायबरग्लास अँटेनांना स्क्रू असतो, तो थोडाथोडा फिरवून चॅनेल 1 आणि 40 ची रीडिंग जवळपास सारखी करा. खाली स्प्रिंग लावणार असाल तर आधी लावा, तीही लांबीत धरली जाते. 1.5 आलं तर परत येणारी पॉवर फक्त 4 टक्के, 2 ला 11, 3 ला 25. म्हणजे 1.5 वरून 1.1 करायला अख्खी संध्याकाळ घालवू नका, ऐकणाऱ्याला फरक कळणार नाही. 3 च्या वर असताना मात्र बोलू नका, सेटचा आउटपुट ट्रान्झिस्टर जाऊ शकतो.

आणि नुसता एसडब्ल्यूआर कमी आला म्हणून रेंज वाढत नाही. काठीचा निदान वरचा अर्धा भाग केबिनच्या टपाच्या वर राहील असं बघा. मागच्या डाव्या कोपऱ्यात बसवलात तर पुढे उजवीकडे जास्त जोर मिळतो कारण त्या दिशेला सगळ्यात जास्त धातू आहे. तरी 4 वॉटवर सपाट मोकळ्या जागी काही मैल, मोआबच्या दऱ्यांत त्याहून बरंच कमी, एवढंच धरून चाला.

प्रश्न: जीपच्या मागच्या बंपरवर दोन्ही बाजूंना दोन अँटेना लावले तर डबल रेंज मिळेल का?
– एक वाचक, डेन्व्हर

उत्तर: नाही. दोन अँटेनांचा खरा फायदा मिळायला त्यांच्यात पाव लहर, म्हणजे साधारण 9 फूट अंतर लागतं. मोठ्या ट्रकच्या दोन आरशांमधे ते जवळपास मिळतं, जीपच्या बंपरवर मिळत नाही. वर खास 75 ओहमची जोडकेबल लागते आणि ट्यूनिंगची कटकट दुप्पट. त्याच पैशात एकच पण लांब, 5 फुटी घ्या, जिथे जास्तीत जास्त उंच राहील तिथे लावा.