आकडा नका मोजू, इंच मोजा: तलावात सोडलेल्या मत्स्यबीजाबद्दल आलेल्या प्रश्नांची उत्तरं

नमस्कार मंडळी. पाऊस तोंडावर आलाय, बीजवाल्यांच्या गाड्या फिरायला लागल्यात, आणि दरवर्षीप्रमाणे तेच प्रश्न परत आलेत. बीज सोडलं, मासा कुठं गेला. सगळ्यांना फोनवर वेगवेगळं सांगण्यापेक्षा इथंच लिहितो. खतं, जाळी, जाती वगैरे तुम्हाला माहीत आहेत असं धरूनच लिहितोय.

पहिला प्रश्न एका मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्षांचा. १०० हेक्टरचा तलाव आहे, मागच्या जुलैत २ लाख बीज सोडलं, एप्रिलमध्ये जाळ्यात चिलापी आली, थोडीफार मरळ आली, कटला-रोहू मात्र नावाला. बीजवाला म्हणतो यंदा ४ लाख सोडा आणि सोबत प्रोबायोटिक, मिनरल मिक्स्चर टाका. काय करावं?

अध्यक्षसाहेब, ४ लाख सोडू नका. आधी सांगा, सोडलेलं बीज किती इंचाचं होतं? तुम्ही प्रश्नात ते लिहिलंच नाही, कुणीच लिहित नाही, सगळे फक्त लाख सांगतात. जुलैत मिळतं ते इंचभराचं बीज असतं, स्वस्त असतं, पावतीवर आकडा मोठा दिसतो, सर्वसाधारण सभेत सांगायला बरं वाटतं. पण तलाव म्हणजे काही सुकवून, साफ करून तयार केलेलं संगोपन तळं नाही. तिथं शिवडा, मरळ, वाम, शिंगाडा असे पिल्लं खाणारे मासे आहेत, चिलापीची अख्खी फौज आहे, वरून पाणकावळे. इंचभराचं बीज त्यांच्यासाठी चारा आहे. २ लाखाचा चारा टाकलात, यंदा ४ लाखाचा टाकाल, एवढाच काय तो फरक. चार इंचाची कटला मात्र अंगानं रुंद होते, ती मध्यम मरळीच्या तोंडात सहज बसत नाही आणि तिला पळताही येतं. जलाशयात सोडायची बोटुकली, म्हणजे बोटाएवढं वाढवलेलं पिल्लू, किमान चार इंच म्हणजे १०० मिलिमीटरची पाहिजे, त्याच्या खाली मी सही करत नाही.

दुसरी गोष्ट सांडव्याची. जुलै-ऑगस्टमध्ये तलाव भरतो, सांडवा वाहायला लागतो, आणि तुमचं बीज त्या पाण्याबरोबर खालच्या ओढ्यात जातं. खालच्या गावाची पोरं मच्छरदाण्या घेऊन ते पकडतात आणि तुम्ही वर बसून बीज बोगस होतं म्हणून बीजवाल्याशी भांडता. मागच्या काही वर्षांत तर सप्टेंबरच्या शेवटी पण मोठे पाऊस होतात, दारं उघडावी लागतात. त्यामुळे सांडवा बंद झाल्यावर, पाणी स्थिर झाल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यावर बोटुकली सोडायची. जुलैत नाही. ऑगस्टात पण नाही. बीजवाला म्हणेल ऑक्टोबरमध्ये माल मिळत नाही, आत्ताच उचला. बरोबर आहे त्याचं, त्याच्याकडे नसतो, कारण त्याला जुलैतच माल खपवून मोकळं व्हायचं असतं. ती त्याची अडचण आहे, तुमची नाही.

आणि ते प्रोबायोटिक. १०० हेक्टर तलाव, सरासरी ३ मीटर पाणी धरलं तर ३०० कोटी लिटर होतं. त्यात तुम्ही ५ किलोचा डबा टाकणार. समुद्रात हिंग टाकण्यातला प्रकार आहे हा. मिनरल मिक्स्चरचं तेच, झिओलाइटचं तेच. धरणात, पाझर तलावात, पाटबंधारे तलावात या बाटल्या-डब्यांचा काडीचा उपयोग नाही. विकणाऱ्याला कमिशन मिळतं एवढाच उपयोग.

मग बोटुकली आणायची कुठून? स्वतः वाढवायची. हे मी सगळ्या सोसायट्यांना सांगत असतो, ऐकणारे कमी आहेत, पण जे ऐकतात त्यांच्या जाळ्यात कटला दिसतो. तलावाच्या काठावर एखाद्या सभासदाचं शेततळं असेल, गावात जुनी बोडी म्हणजे छोटं तळं असेल, ते तीन-चार महिन्यांसाठी घ्या. हिशोब सोपा आहे. १०० हेक्टरला हेक्टरी ५०० जरी धरली तरी ५० हजार बोटुकली लागते. संगोपन तळ्यात हेक्टरी २ लाख बीज ठेवतात, म्हणजे १० गुंठ्यांत २० हजार, त्यातलं ६०-७० टक्के जगलं तर १२ ते १४ हजार बोटुकली. अशी दहा-दहा गुंठ्यांची चार तळी, म्हणजे एकरभर पाणी आणि ८० हजार बीज. ४ लाख नाही, ८० हजार! जुलैच्या मध्यात टाकलं की ऑक्टोबरच्या मध्यात बरोबर मापाला येतं.

तळं तयार करताना जुने मासे मारायला मोहाची पेंड वापरा, १० गुंठ्यांना २०० ते २५० किलो, आणि टाकल्यावर तीन आठवडे थांबा. तीन आठवडे म्हणजे तीन आठवडे. पाचव्या दिवशी बीज टाकतात, सकाळी सगळं बीज पोट वर करून तरंगत असतं आणि मग मला फोटो पाठवतात. पेंडीचं विष उतरायला वेळ लागतो, नंतर तीच पेंड खत म्हणून कामाला येते. पाण्यातले किडे मारायला दुकानदार पिकावरचं सायपरमेथ्रिन देतो, "थोडंच टाका, काही होत नाही" म्हणतो. होतं. सायपरमेथ्रिन माशालाही जहाल आहे, थोडं पण नाही आणि जास्त पण नाही, मासळीच्या तळ्याजवळ ती बाटली नेऊच नका. किडे फार असतील आणि तुम्ही बीजाऐवजी जिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, आणणार असाल तर १० गुंठ्यांना साडेपाच किलो स्वस्तातलं खाद्यतेल आणि पावणेदोन किलो कपड्याचा साबण पाण्यात फेसून आदल्या दिवशी वारं पडलेलं असताना पाण्यावर पसरवा. किडे श्वास घ्यायला वर येतात, तवंगानं गुदमरतात. काम झालं.

खाद्य शेंगदाणा पेंड आणि भाताचा कोंडा समान. पाटीत ठेवून पाण्यात सोडा, दोन तासांनी पाटी वर घ्या, खाद्य उरलं असेल तर उद्या कमी करा. श्रावणात सलग आभाळ असतं तेव्हा आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडत असतील तेव्हा खाद्य बंद म्हणजे बंद. जास्त खाऊ घातलं की लवकर मोठं होतं हे कंपनीच्या माणसाचं गणित आहे, उरलेलं खाद्य तळाला सडतं आणि ऑक्सिजन खातं.

आणखी एक, उजनीसारख्या मोठ्या धरणात जे झालंय ते लहान तलावात पण सुरू झालंय. वडाप. बारीक जाळ्यानं सगळं पिल्लू ओढून न्यायचं. तुम्ही ऑक्टोबरमध्ये चार इंचाची बोटुकली सोडलीत आणि डिसेंबरमध्ये तुमच्याच सभासदानं रात्री वडाप ओढला तर मी काय सल्ला देणार? चार बोटांपेक्षा बारीक छिद्रांचं जाळं तलावात उतरू देऊ नका, ठराव करा, दंड लावा, भाऊबंद असला तरी.

दुसरा प्रश्न बचत गटाच्या एका ताईंचा. बीजाच्या पिशव्या आल्या तेव्हा सगळे जिवंत होते, शेततळ्यात सोडले, दुसऱ्या दिवशीपासून मरायला लागले. औषधवाल्यानं पोटॅशियम परमँगनेट टाकायला सांगितलं, टाकलं, तर अजून मेले. मग अँटिबायोटिक दिलं.

ताई, मासे रोगानं मेले नाहीत, प्रवासानं आणि घाईनं मेले, उरलेले औषधानं मेले. पिशवी हातात आली की आधी तळाशी बघायचं. खाली विष्ठेचा थर दिसला तर समजायचं की पाठवणाऱ्यानं एक दिवस उपाशी ठेवून पॅकिंग केलेलंच नाही. त्या पाण्यात अमोनिया साठलेला असतो. अशी पिशवी उघडून तासभर मोजत बसलात तर आतला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पाण्याचा सामू (pH) चढतो आणि तोच अमोनिया जास्त विषारी होतो. म्हणून बंद पिशवीच तळ्यात सावलीच्या बाजूला १५-२० मिनिटं तरंगत ठेवा. उन्हात नाही, उन्हात बंद पिशवी बघता बघता तापते. मग तोंड उघडा, तळ्याचं पाणी तांब्या-तांब्यानं आत घाला, दहा मिनिटांनी पिशवी आडवी करा, मासे आपोआप बाहेर जाऊ द्या, ओतू नका. दोन पाण्यांत ३ अंशापेक्षा जास्त फरक नको. थर्मामीटर ठेवा गटाकडे, महाग नसतो, बाटलीभर औषधापेक्षा तर नाहीच.

बीज चांगलं आहे का हे बघायची साधी पद्धत: टबात मूठभर बीज घ्या आणि हातानं पाणी गोल फिरवा. दमदार पिल्लं प्रवाहाच्या उलट, टबाच्या कडेनं पोहतात. मरतुकडी मधोमध गोळा होतात. डोकं मोठं आणि अंग बारीक दिसलं तर ते उपाशी वाढलेलं बीज आहे. मधे गोळा झालेली जास्त असतील तर गाडी परत पाठवा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

पोटॅशियमबद्दल नीट ऐका. ५० लिटरच्या टबात बीज बुडवून काढायला पाव ग्रॅम लागतं. पाव ग्रॅम! नखावर मावतं तेवढं. पाणी फिकट गुलाबी दिसलं पाहिजे, जांभळं नाही. मूठभर टाकलं की माशाचे कल्ले भाजतात, वरून काही दिसत नाही, दोन दिवसांनी मरतात आणि औषधवाला म्हणतो रोग वाढला, अजून टाका. अजून टाकू नका. मी तर म्हणतो पोटॅशियमच्या नादीच लागू नका, ५० लिटर पाण्यात १ किलो जाडं मीठ, एक मिनिट, मासा कलंडायला लागला की लगेच बाहेर. बस. चुन्याचं पण तेच. आपल्या काळ्या मातीच्या भागात पाण्याचा सामू बऱ्याच ठिकाणी आधीच ८ च्या वर असतो, तिथं चुना कशाला? सामू तपासल्याशिवाय चुना नाही. आणि अँटिबायोटिक कुणी दिलं त्याला विचारा आत काय आहे. क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान गटातली औषधं मत्स्यपालनात बंद आहेत, बंदी आहे त्यांच्यावर. बिल मागा, बिल देणार नाही तो.

तिसरा प्रश्न वाईकडचा. एक तरुण विचारतो, महाबळेश्वरला थंडी असते, धोम धरणात ट्राउट सोडला तर जगेल का, एक एजंट उत्तरेतून बीज आणून द्यायला तयार आहे.

दादा, जगणार नाही. रेनबो ट्राउटला १० ते १८ अंशाचं पाणी लागतं आणि भरपूर ऑक्सिजन लागतो. म्हणून तो काश्मीरात कोकरनागला होतो, हिमाचलात पतलीकुहलला होतो, दक्षिणेत निलगिरीत आणि मुन्नारच्या वरच्या डोंगरात इंग्रजांनी नेऊन सोडला तो उंचीमुळे टिकला. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, निलगिरीतली ट्राउटची तळी दोन हजाराच्या आसपास किंवा वर आहेत, आणि धोम तर घाटाच्या खाली. थंडीत डिसेंबर-जानेवारीत तो मासा दिसेलही तुम्हाला पळताना, एजंट व्हिडिओ पण काढेल. एप्रिलमध्ये वरचं पाणी तापतं, मासा थंडाव्यासाठी खाली जातो, तर खोल धरणात खालच्या पाण्यात उन्हाळ्यात ऑक्सिजन फार कमी असतो. वर गरम, खाली गुदमर, मधे ट्राउट. शिवाय बाहेरची जात सरकारी जलाशयात परवानगीशिवाय सोडता येत नाही, थाई मांगूर हा दुसरे मासे खाणारा मासा बाहेरून आणणाऱ्यांनी काय करून ठेवलंय ते आपण बघतोच आहोत. ट्राउटवाल्यांकडून एकच गोष्ट शिका, अमेरिकेत जलाशयात ट्राउट सोडतात तो बऱ्याच ठिकाणी नऊ-दहा इंचाचा वाढवून, पाणी थंड असताना सोडतात, पिल्लू नाही. त्यांना पण गणित कळलंय.

योजनेचं बऱ्याच जणांनी विचारलंय. थोडक्यात: प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातीला ६० टक्के अनुदान, जलाशयात मासे पाळायचे जाळीचे पिंजरे, संगोपन तळी, बीज सगळं त्यात बसतं. किसान क्रेडिट कार्ड मासेवाल्यांना पण मिळतं. कागदपत्रांसाठी जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात या, फोनवर यादी सांगत नाही. अनुदान मिळतंय म्हणून पिंजरे घेऊ नका, रोज खाद्य टाकायला आणि रात्री राखणीला माणूस असेल तरच घ्या.

शेवटचा प्रश्न, बाजाराच्या दिवशी टेम्पोत उघड्या ड्रममध्ये बीज घेऊन येतात, पिशवीपेक्षा निम्म्या भावात देतात, घ्यावं का. नाही. त्यात कुठली जात आहे ते त्यालाही माहीत नसतं, चिलापी आणि मांगूरची पिल्लं सर्रास निघतात, आणि मोजणी चहाच्या गाळणीनं होते. आपल्या मत्स्यबीज केंद्रावर जून संपायच्या आत नाव नोंदवा, जात लिहून घ्या, इंच लिहून घ्या, आणि माल घेताना कुठलीही एक पिशवी स्वतः निवडून सगळ्यांसमोर मोजा, ती कमी भरली तर सगळ्या पिशव्यांचे पैसे त्याच हिशोबानं द्या.