टीपॉट राहू द्या, पेन्शनचं बघा

लेस्टरच्या एका वाचकाचं पत्र आहे. वय 47, पगार वर्षाला 40,000 पाउंड. सहा वर्षांत 9,500 पाउंडांची जॉर्जियन, म्हणजे इंग्लंडच्या जॉर्ज राजांच्या काळातली, चांदीची भांडी जमवलीत. डीलरने दिलेल्या विम्याच्या सर्टिफिकेटवर किंमत 14,000. आता 1798चा टीपॉट 1,400ला मिळतोय, घेऊ का? आणि पत्राच्या तळाशी जाता जाता एक ओळ: 'हाताशी पैसे राहावेत म्हणून कंपनीच्या पेन्शनमधून बाहेर पडलोय, चांदी हीच माझी पेन्शन.'

आधी या ओळीचं बोलू. ब्रिटनमधल्या कंपनी-पेन्शनचा किमान नियम धरला तरी तुमच्या खिशातून वर्षाला साधारण 1,350 जातात. त्यात करसवलतीचे 340 आणि कंपनीचे 1,000 पडतात. 1,350 भरले की खात्यात 2,700! सहा वर्षांत तुम्ही 8,000 पाउंडांवर पाणी सोडलंत, वाढ वेगळीच. बरं, दर तीन वर्षांनी कंपनी आपणहून परत सामील करून घेते. म्हणजे तुम्ही पुन्हा पुन्हा अर्ज करून बाहेर पडलात.

ते 14,000 डोक्यातून काढा. विम्याची किंमत म्हणजे भांडं चोरीला गेलं तर दुकानातून तसंच दुसरं घ्यायला लागतील ते पैसे. विकायला गेलात तर तेवढे कुणी देणार नाही. असा कागद 'गुंतवणूक' म्हणून हातात देणाऱ्यांची मला चीड येते. लिलावात घेणारा सगळं मिळून 1,000 मोजायला तयार आहे, असं समजा. लिलाववाल्यांनी त्याच्याकडून बोलीवर 30 टक्के आणि तुमच्याकडून 18 टक्के घेतले, तर तुमच्या हातात 630 येतात. दागिना मोडताना घडणावळ जाते, तसंच हे.

टीपॉटचा फोटो मोठा करून पाहिला. खरी चांदी असल्याची खूण म्हणजे सिंह, तो आहे, बनवल्याचं साल सांगणारं अक्षर आहे, 1784पासून कर भरल्याची खूण म्हणून उमटवायचे ते राजाचं डोकंही आहे. पण पोटावर मधोमध गुळगुळीत, किंचित खोलगट जागा दिसते. तिथलं घराण्याचं चिन्ह कुणीतरी घासून काढलेलं दिसतंय. अशा जागी पत्रा पातळ होतो, अंगठ्याने हलकं दाबलं तरी लवतो. त्याचे 1,400 देऊ नका.

सोमवारी एचआरला लेखी कळवा की पेन्शनमध्ये परत यायचंय. वर्षातून एकदा असं मागितलं तर तुमच्याइतका पगार असलेल्याला कंपनीला घ्यावंच लागतं, तिचा वाटाही भरावा लागतो. घरातली भांडी घाईने विकू नका, रोज वापरा. फक्त सुऱ्या गरम पाण्यात भिजत घालू नका. त्यांच्या पोकळ मुठींत राळ भरलेली असते, ती सैल होते.