आधी फळी बघ, मग देव

पत्र (थोडक्यात): 'मी ३१ वर्षांचा, मालवणजवळच्या गावातला. पुण्यात असताना तत्त्वज्ञान वाचलं आणि देवावरचा विश्वास उडाला. आता कशाचीच खात्री वाटत नाही. मासेमारीची बंदी उठण्याआधी बाबा ग्रामदेवतेला कौल लावतात, मीही शेजारी हात जोडून उभा राहतो. यंदा कौल उजवा आला, म्हणजे देवाचा होकार मिळाला. होडी खरवडताना तळाची एक फळी मला मऊ लागली होती, पण कौल मिळाल्यावर ते बोलायचं राहून गेलं. मी ढोंगी आहे का?'

झिला, तुझ्या चार पानांत फळीला जेमतेम एक ओळ मिळाली. माझं बोट तिथेच अडकलं.

'कशाचीच खात्री वाटत नाही' हे आधी खोड. मनात जी शंका नाही, तिचं तत्त्वज्ञानात सोंग आणू नये, असं चार्ल्स पर्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १८६८ मध्येच बजावलंय. खरी शंका माणसाला कामाला लावते. तुला तशी एकच आली, आणि तीच गिळून बसलास!

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ मध्ये एक जहाजमालक रंगवला. जहाज जुनं, मालकाच्या मनात धाकधूक. पण इतक्या सफरी पार पडल्या, देव याही वेळी सांभाळील, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. जहाज माणसांसकट बुडालं, याने विम्याचे पैसे घेतले आणि गप्प बसला. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास मनापासूनचा असेलही, पण तो बाळगायचा त्याला हक्क नव्हता. जहाज सुखरूप पोचलं असतं तरी दोष तेवढाच.

त्या मालकाचा निदान विश्वास तरी होता. तुझा तोही नाही, आणि तरी कौलाआड लपलास.

बाबांना मध्ये आणू नकोस. त्यांना फळी ठाऊकच नाही, मग गाऱ्हाण्यात ती येणार कुठून? आणि कौल लावणारी हीच माणसं होडीला काजूच्या टरफलांचं तेल चोपडतात. देवाने उजवा दिला म्हणून कुणी तेल वाचवलेलं मी तरी पाहिलं नाही.

उद्या सकाळी सुताराला घेऊन जा. फळीत टोचा घालायला लाव, कुजलेली निघाली तर बदलून घे. बंदी ३१ जुलैपर्यंत आहे, दिवस पुरतील. बाबा म्हणतील, कौल मिळालाय ना? म्हणू देत.

देवळात हात जोड नाहीतर खिशात घाल, मला त्याचं काही नाही. होडीवर खलाशी किती, ते मात्र तू लिहिलंच नाहीस. फळीचं त्यांना आज रात्रीच सांग.