आजी ‘हवा घ्यायला’ कुठं जायची?

प्रश्न : काका, नमस्कार. आमचं गाव कोरेगाव तालुक्यातलं. जुनं घर पाडायला काढलं तेव्हा माळ्यावरच्या ट्रंकेत आजीनं आजोबांना लिहिलेली चौदा पोस्टकार्डं सापडली, 1949 ते 51 ची. घरात आजवर ऐकलेलं की बाबांच्या वेळी बाळंतपणानंतर आजी अशक्त झाली म्हणून पाचगणीला हवापालटाला राहिली, पण कार्डांवर कोपऱ्यात चक्क वानलेसवाडी लिहिलंय. एकात आहे ‘दर पंधरा दिवसांनी हवा घेते’, पुढच्यात ‘हवा धरत नाही म्हणतात’ आणि मग ‘पहिली खेप पार पडली, दुसरी दिवाळीनंतर’. मला वाटलं तिथली हवा तिला मानवली नसेल आणि खेप म्हणजे घरून कुणीतरी भेटून आलं असेल. आजीचा डावा खांदा उतरलेला होता, त्याला म्हणायचे माडीवरून पडली. आत्या आहेत, 82 वर्षांच्या, पण विषय काढला की देवघरात जातात. शिवाय मुलीचं लग्न ठरतंय, टीबीचं काही असेल तर पाहुण्यांना सांगायला लागतं का? – एक वाचक, सातारा

उत्तर : वानलेसवाडी वाचलं आणि मला आमची आई आठवली. सांगलीहून मिरजेला जाताना बस तिथं आली की ती पदर नाकाला लावायची आणि आम्ही पोरं श्वास धरून बसायचो, कोण जास्त टिकतो ते बघायला. आत माणसं बरी होत होती हे कुणी सांगितलंच नाही. मिरजेत मिशन हॉस्पिटल काढणारे डॉ. विल्यम वानलेस, त्यांच्या नावाची ही वाडी, आणि तिथलं सॅनेटोरियम 1920 च्या सुमाराचं, क्षयाच्या पेशंटसाठीच. त्यामुळं तुमची आजी तिथं होती म्हणजे दुखणं कुठलं ते उघड आहे. पाचगणीलाही डॉ. बिलिमोरियांचं सॅनेटोरियम 1912 पासून होतंच म्हणा, पण पाचगणी म्हटलं की लोकांना थंड हवा आठवते, वानलेसवाडी म्हटलं की एकच गोष्ट, म्हणून घरच्यांनी गावच बदलून टाकलं!

आता हवा. ही हवा डोंगरावरची नव्हे हो, सुईतली. बरगड्यांच्या मधून सुई घालून फुफ्फुसाच्या बाहेरच्या पोकळीत मोजून हवा सोडायचे, फुफ्फुस दाबलं जायचं, त्याची हालचाल कमी व्हायची आणि विश्रांती मिळाली की जखम भरेल असा हिशोब. ती हवा अंगात जिरून जाते म्हणून आठ-पंधरा दिवसांनी परत भरायची, कितीकांनी तर दोन-दोन वर्षं भरून घेतली. तुमच्या आजीनं ‘दर पंधरा दिवसांनी’ लिहिलंय ते हेच. आणि ‘हवा धरत नाही’ म्हणजे फुफ्फुस छातीच्या भिंतीला आतून चिकटलेलं, हवेला शिरायला जागाच नाही. मग पुढचा उपाय आडदांड होता, वरच्या बाजूच्या बरगड्या काढायच्या आणि छातीच कायमची खाली बसवायची. सात-आठ बरगड्या एका दमात काढल्या तर पेशंटला झेपत नाही, म्हणून दोन-तीन टप्प्यांत, मध्ये काही आठवडे सोडून, आणि पुष्कळदा नुसती जागा बधिर करून, म्हणजे बाई टेबलावर जागी. या टप्प्यांना आजी खेप म्हणतेय. असं ऑपरेशन झालेल्यांचा त्या बाजूचा खांदा उतरतो, तेव्हा माडीवरून पडल्याची गोष्ट मला तरी पटत नाही.

तिनं असं आडून का लिहिलं? अहो, पोस्टकार्ड ते, पोस्टमनपासून चावडीवरच्यापर्यंत सगळे वाचणार.

औषधं नव्हती का म्हणाल, तर स्ट्रेप्टोमायसिन निघालेलं होतं पण ते परदेशातून यायचं आणि परवडायचं कुणाला, पिंपरीची आपली अँटिबायोटिक्सची कंपनीच 1954 ची आणि तिथंही आधी पेनिसिलिन. आयसोनियाझिड 1952 मध्ये आलं, म्हणजे आजीचं शेवटचं कार्ड पडल्यावर! पुढं मद्रासला 1956 पासून पेशंटचे दोन गट करून बघितलं, एक सॅनेटोरियममध्ये, एक घरी, औषधं सारखीच. 1959 ला निकाल आला की घरचे जवळपास तेवढेच बरे झाले आणि घरातल्या माणसांना त्यामुळं जास्त लागण झाली नाही. दहा वर्षं उशिरा आजारी पडली असती तर बाबांना सोडून जायची वेळ आली नसती कदाचित.

लग्नाचं म्हणाल तर टीबी रक्तातून उतरत नाही, जंतूचा रोग आहे, खोकल्यातून पसरतो. पंचाहत्तर वर्षांपूर्वी आजीला झालेला, त्याचं पणतीच्या पाहुण्यांना काय सांगायचं? काही नाही. घरात कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला असला तर मात्र सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा, फुकट होते.

आत्यांना टीबी हा शब्द काढून काही विचारू नका, परत देवघरात जातील. आई वानलेसवाडीला गेली तेव्हा त्या पाच-सहा वर्षांच्या असणार आणि तान्ह्या भावाला कडेवर घेऊन त्याच फिरल्या असणार. कार्डं घेऊन जवळ बसा, तुम्हीच वाचून दाखवा, सावकाश. आणि मग सहज विचारा की आजीची पाठ कोण चोळायचं. खांद्याच्या पात्याच्या कडेनं वळत खाली गेलेला लांब व्रण असतो त्या ऑपरेशनचा. आत्यांनी तो बघितला असेल तर त्या सांगतील, नाहीतर ‘ती कुणाला पाठ चोळूच द्यायची नाही’ म्हणतील, आणि तेही उत्तरच आहे.